मदत कोणी करावी, हे धर्माला विचारताना

प्रश्न : सादर नमस्कार. आमच्या प्रार्थनास्थळाच्या मदत समितीची मी नऊ वर्षांपासून सदस्य आहे. आमचा धर्म कोणता, हे मुद्दामच लिहीत नाही, कारण उत्तर त्यावरून ठरू नये असे मला वाटते. पुढच्या महिन्यात समितीपुढे एक ठराव येणार आहे. गरीब कुटुंबांना सरकारकडून मिळणारे मासिक अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्याने बंद करावे, असे निवेदन समितीच्या नावाने द्यावे, असा तो ठराव आहे. त्यात लिहिले आहे : ‘गरिबाला हात देणे हे श्रद्धावंताचे कर्तव्य आहे. सरकारने ते हाती घेतल्यामुळे देणाऱ्याचे पुण्य हरवते आणि घेणाऱ्याची कष्टाची सवय मोडते.’ समितीचे अध्यक्ष माझे थोरले दीर आहेत. आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांचे घर त्या सरकारी पैशांवर चालते, एवढेच मी बैठकीत म्हणाले. त्यावर भाऊजी सर्वांसमोर म्हणाले, “श्रद्धा पातळ झाली की माणूस सरकारच्या तोंडाकडे बघायला लागतो.” तेव्हापासून जाऊबाईही माझ्याशी तुटक बोलतात. मी आठ वर्षांची असताना माझे वडील गेले. आईला सरकारकडून दरमहा जी रक्कम मिळे, तिच्यावर आम्ही तिघी बहिणी वाढलो आणि शिकलो. सासरी हे फक्त माझ्या यजमानांना ठाऊक आहे. आई आता थकली आहे आणि धाकट्या बहिणीकडे असते. मी ठरावावर सही करावी का? माझी श्रद्धा खरेच कमी पडते आहे का? – एक वाचक

उत्तर : ताई, तुम्ही धर्माचे नाव लिहिले नाही, हे फार चांगले केले. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा मला जाणवले की, नाव सोडले तर हेच पत्र जगातल्या जवळजवळ कोणत्याही धर्माच्या माणसाने लिहिलेले असू शकते. भाऊजींनी सर्वांसमोर तुमच्या श्रद्धेला बोल लावला आणि ते तुमच्या मनाला लागले आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. नाही, तुमची श्रद्धा कमी पडत नाही. गरिबाची काळजी घेतली पाहिजे की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न आहे आणि त्यावर तुमचे व भाऊजींचे एकमत आहे. ती काळजी कोणत्या हातांनी घ्यावी, यावर मात्र प्रत्येक धर्माच्या आत शेकडो वर्षे वाद चालत आले आहेत आणि त्या वादात दोन्ही बाजूंना अत्यंत श्रद्धाळू माणसे होती.

हे मी नुसते तुमच्या समाधानासाठी म्हणत नाही. ‘देणाऱ्याचे पुण्य हरवते’ हे ठरावातले वाक्यच घ्या. सोळाव्या शतकात युरोपातल्या शहरांत भिकाऱ्यांची संख्या फार वाढली, तेव्हा शहराच्या कारभाऱ्यांनी गरिबांची नोंद ठेवावी, दानाचा पैसा एका सामायिक पेटीत गोळा करावा आणि गरजेप्रमाणे वाटावा, असा विचार पुढे आला. जर्मनीतल्या विटेनबर्ग आणि लाइस्निग या गावांत ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांच्या विचारांच्या प्रेरणेने 1522 आणि 1523 साली अशा पेट्या सुरू झाल्या. कॅथलिक परंपरेत वाढलेले हुआन लुइस व्हिव्हेस यांनी 1526 साली ब्रूज शहराच्या कारभाऱ्यांना हाच सल्ला दिला. त्याला विरोध झाला तोही धर्माच्याच आधाराने. स्पेनमध्ये 1545 साली डोमिंगो दे सोतो या धर्मशास्त्री संन्याशाने गरिबांची बाजू घेऊन लिहिले की, भीक मागण्यावर बंदी घालू नये, गरिबाची कठोर चौकशी करू नये आणि माणसाला समोरासमोर दया करण्याची संधी हिरावून घेऊ नये. त्याच वर्षी हुआन दे रोब्लेस या दुसऱ्या संन्याशाने त्यांच्या विरोधात, सार्वजनिक व्यवस्थेच्या बाजूने लिहिले. धर्म एक, देश एक, वर्ष एक, दोघेही व्रतस्थ, आणि मते परस्परविरुद्ध. भाऊजींचा युक्तिवाद जवळजवळ पाचशे वर्षांचा आहे आणि तुमचाही तेवढाच जुना आहे.

धर्मग्रंथांकडे पाहिले तरी असेच दिसते. ज्यू परंपरेत शेताचे कोपरे कापायचे नाहीत आणि खाली पडलेली कणसे उचलायची नाहीत, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवायची, अशी आज्ञा आहे. म्हणजे शेत मालकाचे असले, तरी तो वाटा त्याच्या मर्जीवर सोडलेला नाही. त्याच परंपरेत गावाचा एक मदतनिधी असे. तो दोघांनी मिळून गोळा करायचा आणि तिघांनी मिळून वाटायचा, असा नियम होता. बाराव्या शतकातले ज्यू विचारवंत मायमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आणि सर्वांत वरची पायरी ठरवली ती अशी : माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असे उभे करणे की, त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. हे वाक्य भाऊजींनाही मनापासून पटेल आणि तुम्हालाही.

इस्लाममध्ये जकात हे पाच मूलभूत कर्तव्यांपैकी एक आहे. कुराणात जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत आणि त्या यादीत जकात गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचाही समावेश आहे. प्रत्येकाने आपापल्या शेजाऱ्याला गुपचूप काही द्यावे, एवढीच कल्पना असती, तर वसुली करणाऱ्यांचा उल्लेख करावा लागला नसता. पहिले खलिफा अबू बक्र यांनी तर जकात द्यायला नकार देणाऱ्या टोळ्यांविरुद्ध युद्ध केले. तरीही 1980 साली पाकिस्तान सरकारने बँकेतल्या बचत खात्यांतून रमजानच्या पहिल्या दिवशी अडीच टक्के जकात कापून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा शिया समाज मोठ्या संख्येने राजधानीत रस्त्यावर आला. जकात द्यायची नाही, असे त्यांचे म्हणणे नव्हते. आमच्या धर्मशास्त्राप्रमाणे ती सरकारच्या हाती द्यायची नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारला त्यांना सूट द्यावी लागली. त्यानंतर इतर अनेक खातेदारही रमजान लागण्याआधी पैसे काढून घेऊ लागले. हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो, कारण कर्तव्य मान्य, आणि मतभेद मुख्यतः कोणाच्या हातून द्यायचे यावर, असे तिथे अगदी स्पष्ट दिसते.

हिंदू परंपरेत गीतेच्या सतराव्या अध्यायात देश, काळ आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेल्या दानाला सात्त्विक म्हटले आहे. ‘पात्र पाहून’ हे शब्द धरून पुष्कळ लोक सरकारी मदतीवर टीका करतात. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लहान मुले, वृद्ध, आजारी, संकटात सापडलेले आणि अनाथ यांचे भरणपोषण राजाने करावे, असे स्वच्छ सांगितले आहे. पहिल्या ठिकाणी देणाऱ्याचे मन कसे असावे, हा विषय आहे. दुसऱ्या ठिकाणी राज्य कशासाठी असते, हा विषय आहे. दोन वेगळ्या प्रश्नांची दोन उत्तरे एकमेकांविरुद्ध उभी करण्याचे कारण नाही, आणि तुमच्या समितीच्या ठरावात नेमके तेच घडले आहे, असे माझे मत आहे.

बौद्ध पाली ग्रंथांतली चक्रवर्ती राजाची एक कथा मात्र मी थोडी सविस्तर सांगते, कारण भाऊजींची शंका आणि तिचे उत्तर दोन्ही तिच्यात आहेत. एका राजाने राज्याचे रक्षण केले, पण निर्धनांना धन दिले नाही. दारिद्र्य वाढले. मग एका माणसाने चोरी केली. त्याला पकडून राजापुढे आणले, तेव्हा तो म्हणाला, “महाराज, जगायला काही नाही.” राजाने त्याला धन दिले आणि सांगितले की, यावर स्वतः जग, आईवडिलांना आणि बायकामुलांना पोस, उद्योग कर. दुसऱ्या चोरालाही तसेच दिले. मग लोकांत बोलबाला झाला की, चोरी केली की राजा धन देतो, आणि माणसे त्यासाठीच चोऱ्या करू लागली. ते पाहून राजाने पुढच्या चोराचा शिरच्छेद केला. तेव्हा लोकांनीही शस्त्रे घडवली आणि हिंसा वाढत गेली. फुकट दिल्याने सवय बिघडते, ही भीती त्या कथेत आहेच. पण अधोगतीचे मूळ कारण म्हणून ती कथा राजाने दिलेल्या धनाकडे बोट दाखवत नाही. निर्धनांना वेळेवर धन दिले गेले नाही, म्हणून दारिद्र्य पसरले आणि दारिद्र्यातून चोरी आली, असा क्रम ती पुन्हा पुन्हा सांगते. उशिरा, लहरीने आणि चुकीच्या माणसाला दिलेली मदत बिघडते, म्हणून मदतच देऊ नये, हा निष्कर्ष त्या कथेतून निघत नाही.

ख्रिस्ती लोकांत ‘गरीब तर सदैव तुमच्याबरोबर असणारच’ हे येशूचे वचन अनेकदा सरकारी योजनांविरुद्ध वापरले जाते. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात त्याच वाक्यात पुढे आहे की, तुमची इच्छा होईल तेव्हा तुम्ही त्यांचे भले करू शकता. त्यामागे जुन्या करारातले जे वचन आहे, ते तर असे सांगते की, देशात गरीब नेहमीच असतील, म्हणून मी तुला आज्ञा करतो, आपला हात मोकळा ठेव. वाक्य अर्ध्यावर थांबवले की अर्थ उलटतो. ‘जो काम करणार नाही त्याने खाऊही नये’ हे वचनही त्याच धर्मग्रंथात आहे, हे मी लपवत नाही. पण ते एका मंडळीतल्या, काम करू शकणाऱ्या पण न करणाऱ्या माणसांना उद्देशून आहे. तीन मुलींच्या विधवा आईला उद्देशून ते लिहिलेले नाही.

आता प्रश्न असा की, ग्रंथ जर दोन्हीकडे झुकू देतात, तर एकेका धर्माची माणसे एकाच बाजूला का दिसतात? याचे उत्तर शोधताना मला अमेरिकेतले उदाहरण सर्वांत बोलके वाटते. तिथे 2014 साली 35 हजारांहून अधिक लोकांची धर्मविषयक पाहणी झाली. तीत विचारलेला एक प्रश्न असा होता : सरकारी मदतीने गरिबांचे भले अधिक होते की नुकसान अधिक होते? गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या इव्हँजेलिकल (बायबल आणि वैयक्तिक श्रद्धा यांवर भर देणाऱ्या) प्रोटेस्टंट मंडळ्यांत ‘नुकसान अधिक’ म्हणणारे जास्त निघाले आणि कृष्णवर्णीयांच्या परंपरागत प्रोटेस्टंट मंडळ्यांत ‘भले अधिक’ म्हणणारे बरेच जास्त निघाले. या दोन गटांचे बायबल एकच आहे. तारण, प्रार्थना, पाप आणि क्षमा यांविषयीच्या त्यांच्या समजुतीही खूपशा सारख्या आहेत. फरक आहे तो सरकारशी आलेल्या संबंधांचा. गुलामगिरी आणि वर्णभेद सोसलेल्या समाजाला 1964 चा नागरी हक्क कायदा आणि 1965 चा मतदान हक्क कायदा केंद्र सरकारकडून मिळाला. स्थानिक सत्ताधाऱ्यांनी आणि कधी कधी शेजारच्या प्रार्थनागृहानेही ज्याला दार बंद केले, त्याला दूरचे सरकार आधार वाटले, यात नवल नाही. ज्यांना स्वतःच्या बळावर वस्ती, शाळा आणि चर्च उभारल्याचा अभिमान आहे, त्यांना तेच सरकार ढवळाढवळ करणारे वाटते. म्हणजे माणूस आपल्या समाजाचा अनुभव घेऊन ग्रंथाजवळ जातो आणि परत येताना आपल्याला ग्रंथाने पाठवले आहे, असे सांगतो. भाऊजी तसे करत असतील. तुम्हीही तसे करत असाल, कारण तुमच्या पाठीशी आईच्या हातातली ती रक्कम आहे. यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त दोघांनीही ते ओळखले पाहिजे.

अभ्यासकांच्या निष्कर्षांतही अशीच गुंतागुंत आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनेक देशांत अधिक धार्मिक माणसे सरकारी सामाजिक विम्याची (बेकारी, आजारपण, म्हातारपण यांत मिळणाऱ्या आधाराची) मागणी कमी करतात, असे दिसले आणि संकटात श्रद्धाच मनाला आधार देते, हे त्याचे एक कारण सांगितले गेले. त्याच वर्षी मुस्लिमबहुल सात देशांवरच्या दुसऱ्या अभ्यासात अधिक कर्मठ माणसे आर्थिक समतेच्या आणि गरिबांसाठी सरकारने काही करावे या मताच्या बाजूने झुकलेली दिसली. तेव्हा ‘श्रद्धा पातळ झाली की माणूस सरकारकडे बघतो’ हे भाऊजींचे वाक्य नियम म्हणून टिकत नाही.

तरी भाऊजींच्या म्हणण्यातला खरा भाग मान्य केलाच पाहिजे. सरकारने मदत सुरू केली की धर्मसंस्थांचे देणे कमी होते, हे खरे आहे. 1930 च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकेच्या सरकारने मोठ्या प्रमाणावर मदतकार्य सुरू केले, तेव्हा तिथल्या चर्चचा दानधर्मावरचा खर्च त्यामुळे सुमारे 30 टक्क्यांनी घटला, असा एका काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. हा आकडा भाऊजींच्या बाजूचा आहे. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही सांगायला हवा : चर्चच्या देण्यात झालेली ही घट सरकारने केलेल्या खर्चाच्या केवळ 3 टक्के होती. समुद्राएवढ्या गरजेपुढे धर्मसंस्थांची ओंजळ किती लहान होती, हे यावरून कळते. आणि मंदी आली की देणाऱ्याचीही कमाई आटते. गरज सर्वांत मोठी असते, त्याच वर्षी दानपेटी सर्वांत रिकामी असते. नऊ वर्षे समितीत काढलेल्या तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

कष्टाची सवय मोडते, या आरोपाबाबत तर मला ठामपणे बोलायचे आहे. सहा विकसनशील देशांतल्या सरकारी रोख मदतीच्या सात योजनांची, मदत मिळालेल्या आणि न मिळालेल्या कुटुंबांची तुलना करून, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात एकत्रित तपासणी झाली. मदत मिळाल्यामुळे लोक काम सोडतात, असा कोणताही सातत्याने दिसणारा पुरावा तीत आढळला नाही. काही योजनांत अडचण येते ती नियमांमुळे. थोडी कमाई सुरू होताच सगळी मदत एकदम तोडली, तर काम करणारा माणूस तोट्यात जातो आणि त्याचे पाऊल अडखळते. हा दोष दुरुस्त करायला लावणारे निवेदन समितीने जरूर द्यावे. तो दोष घेणाऱ्याच्या स्वभावावर ढकलणे हा अन्याय आहे.

इथे माझ्या स्वतःच्या अनुभवातला एक प्रसंग सांगते. मी काही वर्षे एका धर्मादाय मदत समितीत काम केले. आमच्याकडे एक लांबट, कापडी पाठीची नोंदवही होती. तिच्यात नाव, पत्ता, घरातली माणसे, गरज असे रकाने होते आणि शेवटचा रकाना होता ‘कोणाच्या ओळखीने’. एका दुपारी एक रंगारी आला. बोटांच्या पेरांत पांढरा रंग सुकलेला होता. त्याने खिशातून रुग्णालयाची चार घड्यांची चिठ्ठी काढून टेबलावर उलगडली. मुलाच्या शस्त्रक्रियेचा खर्च होता. मी पहिले चार रकाने भरले आणि पाचव्याशी थांबले. त्याने ज्यांचे घर रंगवले होते, त्यांचे नाव सांगितले. ते आमच्यापैकी कोणाच्याच माहितीतले नव्हते. “पुढच्या बैठकीत बघू,” असे आमचे अध्यक्ष सौम्यपणे म्हणाले. तो माणूस क्षणभर उभा राहिला, त्याने चिठ्ठीची जुन्याच घड्यांवर पुन्हा घडी घातली आणि गेला. त्या रकान्यात मी एक आडवी रेघ मारली. तो पुन्हा आला नाही. आम्ही कोणी वाईट माणसे नव्हतो. पैसे लोकांनी विश्वासाने दिलेले होते आणि ते जपून वापरण्याची आमची जबाबदारी होती. पण ओळखीवर चालणारी मदत ओळख नसलेल्याशी थांबते, हे मी त्या आडव्या रेघेत पाहिले आणि ती रेघ माझीच होती.

सरकारी खिडकीवर तो रकाना नसतो. तिथे दुसरेच काटे असतात. नावातल्या एका अक्षराच्या फरकावरून अर्ज तीन तीनदा परत येतो, आणि समोर बसलेल्या माणसाला तुमच्या घरात काय चालले आहे, हे विचारायला वेळ नसतो. त्याच आमच्या समितीतल्या एका वयस्क बाई निरक्षर अर्जदारांबरोबर जाऊन दिवसभर रांगेत बसत, प्रतिज्ञापत्र लिहून देत आणि घरी सोडून येत. त्यांच्या त्या दिवसाची जागा कोणतीही सरकारी योजना घेऊ शकणार नाही. म्हणून मला वाटते की, हक्काची, नियमित आणि ओळख न विचारणारी रक्कम सरकारने द्यावी, आणि त्या रकमेपर्यंत पोचवणारा, आजारपणात डोक्यापाशी बसणारा, नोकरी शोधून देणारा हात श्रद्धावंतांचा असावा. कॅथलिक चर्चने 1931 मध्ये मांडलेले एक तत्त्वही जवळपास हेच सांगते : लहान गटाला जे नीट करता येते, ते मोठ्याने हिरावून घेऊ नये, आणि जे लहानाच्या आवाक्याबाहेर आहे, त्यात मोठ्याने साहाय्य करावे.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. ठराव आहे तसा राहिला, तर सही करू नका. पण बैठकीत नुसता नकार देऊन उठूही नका. त्या ठरावात दोन ठराव एकत्र बांधलेले आहेत. गरिबाला हात देणे हे श्रद्धावंताचे कर्तव्य आहे, हा पहिला, आणि सरकारने साहाय्य बंद करावे, हा दुसरा. त्यांचे दोन भाग करून वेगवेगळे मत घ्यावे, अशी उपसूचना मांडा. पहिल्या भागाला अनुमोदन तुम्हीच द्या आणि ते मनापासून द्या. शब्दांचा परिणाम किती होतो, हे पाहायचे असेल तर अमेरिकेतल्याच जनमत पाहण्या पाहाव्यात. ‘गरिबांना साहाय्य’ असे शब्द वापरले, तर त्यावर अधिक खर्च व्हावा म्हणणारे खूप निघतात, आणि त्याच कामासाठी तिथला सरकारी योजनांचा रूढ शब्द ‘वेल्फेअर’ वापरला, की पाठिंबा झपाट्याने घसरतो. तुमच्या समितीतल्याही अनेकांना ठरावाचा पहिला अर्धा भाग पटला असेल आणि दुसरा त्याच्या पाठोपाठ नकळत मान्य झाला असेल.

मग दुसऱ्या भागावर एकच प्रश्न विचारा आणि तो आकड्यांनिशी विचारा. गेल्या वर्षभरात समितीने एकूण किती कुटुंबांना किती रक्कम दिली, हे नोंदवहीतून काढा. त्याच कुटुंबांना सरकारकडून वर्षाला किती मिळते, ते त्यांना विचारून लिहा. नावे मात्र बैठकीत वाचू नका. मग विचारा की, ही रक्कम थांबली तर पहिल्या महिन्यापासून आपण किती घरांना पुरे पडू, आणि उरलेल्या घरांना काय सांगायचे. या प्रश्नात कोणाच्या श्रद्धेवर शंका नाही, त्यामुळे त्याचे उत्तर देताना कोणाला स्वतःचा बचाव करावा लागणार नाही. तरीही ठराव मंजूर झाला, तर तुमचे भिन्नमत इतिवृत्तात नोंदवायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामाला हजर राहा. समिती सोडू नका. तुम्ही गेलात तर ‘त्या बायकांच्या घरात काय चालते’ हे सांगणारे तिथे कोण उरेल?

भाऊजींशी बैठकीच्या आधी घरी, एकटे असताना बोला. चर्चा करायला जाण्यापेक्षा एक प्रश्न विचारायला जा : सरकारी मदतीबद्दल त्यांचे हे मत कशामुळे झाले? कदाचित त्यांनी एखाद्या मध्यस्थाला गरिबाचा पैसा खाताना पाहिले असेल, कदाचित त्यांच्या वडिलांनी कोणापुढे हात न पसरता घर उभे केल्याचा त्यांना अभिमान असेल. ऐकून घ्या. सर्वांसमोर तुमच्या श्रद्धेबद्दल ते जे बोलले, त्याने तुम्हाला दुखावले, हेही तिथेच सांगा, कारण ते न सांगता केलेली बाकी सगळी चर्चा त्या जखमेवरूनच चालेल. जाऊबाईंचा तुटकपणा बहुधा नवरा आणि जाऊ यांच्यामध्ये आपण कुठे उभे राहायचे, या अवघडलेपणातून आलेला आहे. भाऊजींशी बोलणे झाले की तो बराचसा निवळेल, असे मला वाटते.

राहिली तुमच्या आईची गोष्ट. ती सांगितली तर बैठकीत सगळे गप्प होतील, हे खरे आहे. पण गप्प होणे आणि पटणे यांत अंतर आहे. शिवाय ती गोष्ट तुमच्याइतकीच तुमच्या आईचीही आहे. इतकी वर्षे तिने ती तुमच्या सासरच्या माणसांपासून जपली असेल, तर त्यामागे तिचे काही कारण असेल. म्हणून बैठकीच्या आधी धाकट्या बहिणीकडे जाऊन या. सरकारी खिडकीपाशी आईला कसे वागवले गेले, पहिला अर्ज तिला कोणी लिहून दिला, महिन्याची रक्कम उशिरा आली की कोणाच्या दारी जावे लागे, हे सगळे तिला सावकाश विचारा. तुम्ही तेव्हा लहान होता, त्यामुळे त्यातले बरेचसे तुम्हालाही ठाऊक नसेल. कदाचित अर्ज लिहून देणारा हात एखाद्या शेजारणीचा किंवा तुमच्याच प्रार्थनास्थळातल्या कोणाचा असेल. आईने सांगायला संमती दिली, तर आधी जाऊबाईंना सांगा, मग भाऊजींना, आणि बैठकीत सांगायची गरज उरली तरच तिथे. तिने “नको” म्हटले, तर तो विषय तिथेच ठेवा. नोंदवहीतले आकडे तुम्हाला पुरतील.